धाकट्याचा नंबर

परभणीत रॅपर आहेत, असं बाहेरगावी सांगितलं की लोक माझ्याकडे जरा दयेनं बघतात. पण आहेत. पालमचा एक आहे, चुडाव्याचा एक आहे, शहरातले तर गल्लीगणिक. आमच्या घरी त्यांना गावावरूनच ओळखतात. खऱ्या नावानं हाक मारली की त्यांना फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटतं.

हे सगळं घरात आलं ते धाकट्यामुळं. माझा भाऊ माझ्याहून इतका लहान, की त्याच्या शाळेत पालकसभेला मीच जायचो. रविवारी दुपारी त्याचे दोस्त आमच्या ओसरीत जमायचे आणि एकच वाद चालायचा: परभणीवर राज्य कुणी केलं? लॉकडाऊनच्या आधी कुणी, नंतर कुणी, यंदाच्या भीमजयंतीला स्टेज कुणी गाजवलं? नियम कडक होता. ज्याचं नाव घ्यायचं, त्याच्या चार ओळी तिथल्या तिथं तोंडपाठ म्हणायच्या. मोबाईल खिशातून निघाला की नाव बाद.

पंच मी. रॅपमधलं मला काही कळत नव्हतं, हीच माझी लायकी. कळणारा माणूस कुणाची तरी बाजू घेणार. मी सगळ्यांचं सारखंच न कळता ऐकायचो. ऑफिसात माझं कुणी ऐकत नाही, घरात तर विचारूच नका, पण रविवारी दुपारी मी "पालमचा!" म्हटलं की अर्धी ओसरी उठून नाचायची आणि चुडाव्याचा तोंड फिरवून बसायचा.

"दादा, तुमी पालमच्याकडून चहा प्यालात का?"

"आरं, चहा तुमच्या वहिनीनंच दिलाय, तुलाबी आन त्यालाबी."

"मंग त्याच्या कपात साखर जास्त असंल!"

आत बाजेवर नाना ऐकत पडलेले असायचे. नाना म्हणजे आमचे वडील. एके काळी त्यांची गायन पार्टी होती, जिल्हाभर जयंतीच्या स्टेजवर ते पुढं उभे राहून गायचे. आता आवाज गेलाय, पण कान शाबूत. पोरं गेली की धाकट्याला विचारायचे, "मंग, आज राजा कोण?"

"पालमचा, नाना."

"आन तू?"

"मी असतोच की."

नाना कूस बदलायचे. पुढं उभा राहणारा माणूस तो. पोरगा स्टेजवर जातो, पण राजा होत नाही, हे त्यांच्या मनाला लागलेलं होतं.

मग धाकट्याला कावीळ झाली. आधी आम्ही गावठी औषध दिलं, मग दवाखाना केला, मग नांदेडला नेलं. तो परत आला नाही. याच्यापुढं मला लिहिता येत नाही, तेव्हा लिहीत नाही.

तेव्हापासून नानांनी एकच ध्यास घेतला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दूधवाला असो की नात्यातला, विचारायचे: "आमचा पोरगा कितवा होता हो? तुमी ऐकलं असंल." लोक म्हणायचे, "एक नंबर होता, नाना." नाना मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारायचे. एक नंबर म्हणणारा मनापासून म्हणतो का, हे न कळायला ते काय पंच होते?

वर्ष झालं तेव्हा दारात मांडव घातला. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, जेवणाला वेळ होता. धाकट्याचे दोस्त ओसरीच्या पायऱ्यांवर गप्प बसून होते. नाना त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले.

"आरं, गप कामून बसलाव? ते राजाचं काढा की."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. चुडाव्याच्यानं दबकत सुरुवात केली. थोड्या वेळात आवाज चढले, बोटं नाचायला लागली, कुणी तरी कुणाला "गप रे, तुला काय घंटा कळतं" म्हणालं आणि नानांकडं बघून जीभ चावली. मला क्षणभर रविवारच वाटला.

"आन आमचा?" नाना म्हणाले. "कितवा?"

 मांडवात पत्रावळी मोजणारासुद्धा थांबला.

"थोरल्या, तू पंच हायेस. तूच सांग."

मी पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, घसा खाकरला आणि "दुसरा" म्हणायला तोंड उघडलं. पहिला म्हणायचं धाडस नव्हतं, तिसरा म्हणायला जीव होईना. माझ्या हिशेबात दुसरा म्हणजे मधला मार्ग.

पालमचा मधेच म्हणाला, "दादा, नका. त्यो असता तर हसला असता."

"आसं?" नाना म्हणाले. "मंग त्याच्या चार ओळी म्हणा. नियम हाय ना तुमचा?"

कुणालाच म्हणता येईनात. कारण चार ओळी नव्हत्याच. धाकट्याचं अख्खं असं गाणं नव्हतं. पालमचा म्हणायचा, आणि ओळ संपता संपता त्याचा दम तुटायचा तिथं शेवटचा शब्द धाकटा उचलायचा. तेवढ्यात पालमचा श्वास घेऊन पुढची ओळ धरायचा. एवढंच. एवढी वर्षं एवढंच.

"नाना, माझ्या गाण्यात हाय त्यो," पालमचा म्हणाला. वंदनेसाठी लावलेला माईक त्यानं उचलला.

*धूळ खात आलो, उन्हात तापत आलो,*
*सीट न्हवती भेटली, उभ्यानं...*

आणि सवयीनं त्यानं माईक डावीकडं धरला.

डावीकडं धाकट्याचा फोटो नव्हता, काही नव्हतं. मांडवाचा बांबू होता. स्पीकरमधून नुसती खरखर आली. त्यानं पुन्हा सुरुवात केली. आता चुडाव्याचा धावून गेला, पण शब्द उशिरा पडला, आणि पुढची ओळ सांडली. तिसऱ्यांदा पालमच्यानं सगळं एकट्यानंच म्हणायचं ठरवलं, आणि दुसऱ्या ओळीतच त्याचा दम सुटला. मग तो रडायला लागला. माईक चालू होता, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

नाना खुर्चीच्या कडेवर आले होते. "झीलकरी," ते म्हणाले. पुढच्या गाणाऱ्याच्या मागं उभं राहून ओळ उचलून धरणारा, तो झीलकरी. "झीलकरी होता म्हणा की माझा. मंग इतके दिवस मला एक नंबर, एक नंबर कामून सांगायलेत लोक? झीलकऱ्याला कुठं नंबर असतो?"

ते रागावलेत की आणखी काय, मला कळेना.

"हे गाणं आता कसं करतोस?" त्यांनी पालमच्याला विचारलं.

"बंद केलंय नाना. वर्ष झालं. त्याच्याबिगर न्हाई करणार."

मला वाटलं, नाना त्याला जवळ घेतील. ते कडाडले. "बंद? आरं, त्या गाण्याबिगर कुठं ऐकू येणार हाय त्यो? दुसरा बघ. जागा भर. चांगला दमाचा बघ, आन ओळ पडू देऊ नको."

"नाना, त्याच्या जागी..."

"मी सांगायलोय ना!"

नंतर ते जेवले नाहीत. पोटाचं कारण सांगितलं आणि आत जाऊन बाजेवर पडले.

यंदाच्या जयंतीला पालमच्यानं ते गाणं पुन्हा म्हटलं. शेजारी पूर्णेचा एक जण होता, दणकट छातीचा. मी आणि नाना पुढच्या रांगेत बसलो होतो. ओळ एकदाही पडली नाही. "आलो!" पूर्णेच्यानं असं उचललं, की मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नाना डोळे मिटून ऐकत होते, आणि दर ओळीच्या शेवटी त्यांचे ओठ हलत होते.

परतताना रिक्षात मी विचारलं, "कसा वाटला नवा?"

"बरा हाय," नाना म्हणाले. "त्याच्यापेक्षा दमाचा हाय."