मामाच्या दोन पोटऱ्यांचा सामना

स्वतःच्याच दोन पायांत सामना लावून वर आपणच पंच होऊन बसलेला माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच, आमच्या हिचा मामा. पोलादपूरकडच्या एका वाडीतला हा साठीचा गृहस्थ जन्मभर कबड्डीचा पंच. शिटी गळ्यात घालूनच जेवायला बसायचा. घरात कुणी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं की फुर्र्! माझ्या लग्नात मंगलाष्टकं फार लांबली, तेव्हा भटजींनाही त्याने वेळ संपल्याची शिटी दिली होती.

एकोणीसशे पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास पोरांना उडी शिकवायला म्हणून हा गेला आणि दोन्ही पोटऱ्यांचे स्नायू दुखावून बसला. शिमगा महिन्यावर आलेला. गावदेवीच्या पालखीचा पुढचा खांदा तीस वर्षं मामाचा; इथे धड चालवेना, तर पालखी नाचवणार कशी? "जावईबापू, औंदा खांदा चुकला तर मी जगून काय उपेग नाय," तो म्हणाला. एरवी सगळ्यांची टर उडवणाऱ्या माणसाचे डोळे भरलेले बघून मलाच कसंतरी झालं.

महाडला एका तरुण डॉक्टरकडे तेव्हा दोन नवी यंत्रं आली होती, अल्ट्रासाऊंड आणि लेसर. "ह्यातलं बरं कुठलं?" मामाने विचारलं. डॉक्टर बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "नक्की नाही सांगता येणार, मामा." झालं! मामाने डावा पाय अल्ट्रासाऊंडला दिला, उजवा लेसरला, आणि एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. डाव्या पोटरीला गार मलम चोपडून डॉक्टर त्यावर यंत्राची मूठ फिरवायचा, तेव्हा मामा वाकून कान लावायचा. "आवाजाचं यंत्र म्हनता, पन ऐकू तर काय येत नाय!" उजवीवर नुसता लाल ठिपका. "ह्यापरीस देवापुढली वात बरी, ऊब तरी लागते." घरच्या भिंतीवर कोळशाने गुण मांडलेले. आठवडाभर डावा पुढे होता. मग उजव्याने अशी मुसंडी मारली की मामाने डॉक्टरला मिठीच मारली, "लेसर जितला!"

तेव्हा मामी चुलीजवळून हळूच म्हणाली, "मागं पडलेल्या पायाची दया आली मला. दुपारी तुमी घोरायला लागलाव की त्याला तेल चोळत होते."

"फाऊल गो, फाऊल!" मामाने शिटी फुंकली आणि चार दिवस तिच्याशी अबोला धरला.

शिमग्याला मात्र पुढचा खांदा मामाचाच. ढोल घुमला आणि म्हातारा असा नाचला, असा नाचला, की मी वेड्यासारखा टाळ्या पिटत सुटलो. पालखी खाली ठेवल्यावर मी विचारलं, "मामा, जिंकलं कोण शेवटी?"

घाम निथळत तो हसला. "खांद्यावर देवी आली नि डावा कुठला, उजवा कुठला, तेच इसरलो, जावईबापू!"

त्यानंतर तीनच शिमगे मामाला मिळाले. आताही पालखी त्यांच्या अंगणात येते. खांदेकरी मामीसमोर इतर घरांपेक्षा जरा जास्तच वेळ नाचतात, आणि ती पुरे म्हणत नाही.