उद्या येते

"चला, भुर्र जाऊ या!" असं म्हणत ताई बर्फावरच्या स्नोमोबाइलची दोरी खेचून ती सुरू करायच्या, आणि मागे बसलेला मी हसू दाबायचो. अंटार्क्टिकावर कित्येक हंगाम काढलेली, आमच्या संशोधन तुकडीची प्रमुख असलेली ही बाई, आणि मराठी मात्र बालवाडीतली.

त्यांचा जन्म अमेरिकेतला, श्रूजबरीचा. शाळेत जायला लागल्यावर घरात इंग्रजी आली आणि मराठी तिथंच थांबली. आई-वडिलांना इंग्रजीत उत्तरं देणारी अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. या मात्र मी सांगलीचा आहे हे कळल्यापासून माझ्याशी हट्टाने मराठीच बोलायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो. थंडीनं बोट बधिर झालं की हातमोजा काढून दाखवायच्या, "बघ, बाऊ झाला." बर्फ वितळवून त्या पाण्यात खिचडी शिजवली की हाक यायची, "मम्मं रेडी!" पण खड्ड्यात उतरून बर्फाचे थर मोजताना कुणी घाई केली, तर याच ताईंची नुसती नजर पुरायची.

त्या हंगामात सॅटेलाइट फोनवर काकूंचा, म्हणजे त्यांच्या आईचा निरोप आला. वडिलांना स्ट्रोक आला होता. जीव वाचला होता, पण जन्मभर ज्या इंग्रजीत नोकरी केली ती पार पुसली गेली होती. उरली होती थोडीशी मराठी.

ताई तंबूत माझ्यासमोर येऊन बसल्या. "बाबाशी ऑलवेज इंग्लिशच बोलला मी, यार. आता?"

"मी बोलू का तुमच्या वतीने?"

"नको. तू सांग, मी पाठ करतो."

मी दोन-तीन वाक्यं शिकवली. फोन लागला आणि त्या सगळं विसरल्या. "बाबा, तू मम्मं केला?"

पलीकडून जड, ओढलेला आवाज आला, "केलं."

ताईंनी तोंडावर हात दाबून धरला.

विमान बोलावलं होतं. पण वारा सुटला, आभाळ आणि बर्फ यांतला फरक दिसेना. फ्लाइट कॅन्सल. दुसऱ्या दिवशीही कॅन्सल. ताई तरी खणायला यायच्याच. नुसतं बसवत नाही म्हणायच्या. रोज फोन व्हायचा.

"कधी?" ते विचारायचे.

"उद्या. उद्या येतो, बाबा."

"येते," ते दुरुस्त करायचे. एवढे थोडे शब्द हाताशी उरले होते, तरी मुलीची चूक त्यांना सोडवत नव्हती.

मग एकदा फोन लागला तेव्हा काकूच बोलल्या. ताई ऐकत राहिल्या, "ओके, आई" म्हणाल्या, फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर गेल्या. मी पाहिलं, तर त्या सामानाच्या पेट्यांवर साचलेला बर्फ हाताने काढत होत्या. वाऱ्याने तो पुन्हा साचायचा, त्या पुन्हा काढायच्या. मी शेजारी उभा राहून दुसऱ्या पेटीवरचा काढू लागलो.

विमान उतरलं तेव्हा लख्ख ऊन होतं. तिकडे वडिलांचे अंत्यसंस्कारही आटोपले होते. शिडीपाशी ताईंनी विचारलं, "घरी जाऊन आईला काय म्हणायचं असतं? मराठीत?"

"काही म्हणू नका, ताई. नुसतं जवळ बसा."

त्यांनी मान हलवली आणि त्या वर चढल्या. पंखे फिरले, बर्फाचा धुरळा उडाला आणि त्यांची खिडकी दिसेनाशी झाली.

त्यानंतर त्या बर्फावर आल्या नाहीत. कधी श्रूजबरीला फोन केला आणि ताई कुठे आहेत विचारलं, तर काकू म्हणतात, "इथंच आहे रे. माझ्याजवळ बसलीय."