काळा म्हणजे काळाच

आमची आम्रपालीआत्या तीस वर्षं एका रुग्णालयात एक्स-रे काढत होती. श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा, हे ती ज्या सुरात म्हणायची, त्याच सुरात अजूनही गॅस संपल्याचं सांगते. मला तो सूर हुबेहूब जमतो. तिला ते माहीत आहे आणि ती दुर्लक्ष करते.

निवृत्तीनंतर तिला स्वतःसाठी एकच वस्तू हवी होती, ओएलईडी टीव्ही. कारण काळा. तिच्या कामात काळा काळाच लागायचा. करडा दिसला की शंका. आमच्या जुन्या टीव्हीवरचं रात्रीचं आभाळ विटलेल्या छत्रीसारखं दिसायचं, ते तिला बघवत नसे.

अडचण अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे आजोबा, रामदास, वय ब्याऐंशी. बिबवेवाडीतल्या आमच्या हॉलमध्ये ते सकाळी सातपासून बातम्या लावून बसतात. आवाज बंद. खालची पट्टी स्वतः वाचायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. दिवसभर तीच पट्टी राहिली तर ओएलईडीवर तिचा डाग कायमचा उमटतो, असं माझ्या बाबांनी वाचलं होतं. त्यांचा उपाय सोपा होता: जुना टीव्ही आतल्या खोलीत, अण्णाही आतल्या खोलीत.  त्या दिवशी अण्णांनी पट्टी कुणालाच ऐकवली नाही.

दुकानात मच्छिंद्र नावाच्या विक्रेत्याने पोपट दाखवले, कापलेली कलिंगडं दाखवली. ब्लॅक बघा मॅडम, ब्लॅक. यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो, त्यामुळे मागून उजेड झिरपायला जागाच नाही, हे त्याने छान समजावलं. डागाचं विचारल्यावर मात्र तो घाईत आला. नव्या मॉडेलला सेटिंग असतं मॅडम, तसं काही होत नाही.

"नुसता करडा पडदा लावता येईल?" आत्याने विचारलं.

त्याने मोबाइलवरून लावला. आत्या एक पाऊल मागे सरकली, मान तिरकी केली, रिकामी फिल्म तपासावी तशी. उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटून राहिली होती: महाऑफर.

"ही जाहिरात कधीपासून चालू आहे?"

"दोन दिवाळ्या झाल्या." मच्छिंद्रचा आवाज निम्मा झाला. "दिवसाला बारा तास, मॅडम. घरी एवढा कोण लावतं?"

"आमच्याकडे लावतात."

रिक्षात बाबा म्हणाले, म्हणजे अण्णांना आत हलवावंच लागणार.  आत्याने तिच्या बिल्ल्याचं सांगितलं. अंगावर किती किरणं साठली ते मोजणारा बिल्ला ती रोज छातीला लावायची. एका एक्स-रेने काही होत नाही, रोजचं साठत जातं. या पडद्याचंही तसंच. शिवाय हॉलमध्ये बाल्कनीचं ऊन येतं. चकचकीत पडद्यात वाळत घातलेले कपडे दिसतील, काळा कुठून दिसणार?

"टीव्ही आत जाईल, संजय. अण्णा नाहीत," ती बाबांना म्हणाली.

एवढा महागाचा टीव्ही पाहुण्यांना दिसणारच नाही, हे बाबांना अजून पचलेलं नाही.

तो आत्याच्या खोलीत लागला. रविवारी दुपारी तिने जाड पडदे ओढून समुद्राच्या तळाचा माहितीपट लावला. अण्णा काठी टेकत दाराशी आले. टीव्हीचा पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, काही कळत नव्हतं.

"बंद पडला का गं?"

"नाही अण्णा. हाच तो काळा."

ते पलंगाच्या कडेला बसले. "पट्टी नाही याला?"

"नाही."

"मग वाचायचं काय?"

"काही नाही," आत्या तिच्या त्या सुरात म्हणाली. "श्वास घ्या. धरा."

अण्णांनी खरंच धरला. काळोखात खूप आत एक ठिपका लुकलुकला. मासा होता.