मामांच्या समुद्रातले अपघात

पुण्यात समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांनी कधीच मान्य केली नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुरक्षा बघण्यात आयुष्य घालवून ते निवृत्त झाले आणि त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा भलामोठा फिशटँक बसवला. पहिले मासे आले त्या दिवशी फोनवर "अहो जावईबापू, समुद्र सुरू झाला!" असे ओरडले, की ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. तेव्हापासून मासा जेवला तरी फोन, मासा रुसला तरी फोन.

मग मासे मरायला लागले. काल टुणटुणीत असलेला मासा सकाळी आडवा. मामा त्याला 'अपघात' म्हणत आणि कारखान्यातल्यासारखी चौकशी लावत. खडकवासल्याच्या पाण्याचा संशय आला, तेव्हा विकतचे जार सुरू झाले. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं, तिथे जाऊन भांडून आले. शेवटी आळ आला मामींच्या फोडणीवर.

"उद्यापासून घरात फोडणी बंद!"

"बरं. मग तुम्हालाही सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणेच टाकत जाऊ का?" मामींनी शांतपणे विचारलं.

फोडणी निर्दोष सुटली. मासे मात्र जातच राहिले.

एकच नारंगी मासा उरला असताना एका संध्याकाळी मी गेलो होतो. मामांनी रोजच्यासारखं टँकसमोर स्टूल मांडलं, डास चावू नयेत म्हणून पायांभोवती डास मारायच्या औषधाचा फवारा मारला, आणखी एकदा सढळ हाताने मारला, आणि बसले. थोड्याच वेळात मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला.

"बघा, बघा! सुरू झालं!"

मामी टँकमागच्या पंपाकडे बघत होत्या. "अहो, हा पंप हवा कुठून ओढतो?"

"खोलीतून! आणखी कुठून ओढणार?" मामा म्हणाले, आणि हातातल्या फवाऱ्याच्या डब्याकडे बघून पांढरे पडले.

पुढे नुसता गोंधळ! मामांनी पंप उचलून गॅलरीत नेला, मामींनी खिडक्या सताड उघडल्या, मी तयार खाऱ्या पाण्याच्या पिंपातून बादल्या ओढत होतो. निम्मं पाणी बदलून होईपर्यंत आम्ही तिघंही भिजलो होतो. मासा हळूहळू खाली उतरला, एक गिरकी घेतली. मी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत.

आता ते भर मे महिन्यातही पायमोजे आणि कानटोपी घालून टँकसमोर बसतात. हातांवर डास चावतात, चावू देतात. त्यानंतर एकही अपघात झालेला नाही. परवा मी म्हटलं, "मामा, आता कारण कळलंय. दोन-चार नवे मासे आणू या की."

मामा काचेवरून बोट फिरवत राहिले.

"आणू. आधी ह्याचा माझ्यावर विश्वास बसू दे."