ठिपकेताईंची दुसरी नळी

ठिपकेताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेत बावीस वर्षं पडद्यावरचे ठिपके बघून बघून ते त्यांना चिकटलं. रक्तातली एकेक पेशी यंत्रापुढून जाते, तिच्या अंगावर कुठल्या खुणा आहेत ते रंगांवरून कळतं, आणि पडद्यावर तिचा एक ठिपका पडतो. खुणांना नावं नाहीत, नुसते नंबर. निरोगी पेशी कोणती आणि कर्करोगाची कोणती, हे त्यावरून ओळखायचं. नवरा म्हणायचा, "आमची ही भिंतीवरच्या डासांचीसुद्धा गटवारी करते."

त्या दिवशी जोडीदारीण रजेवर, म्हणून दोघींचं काम एकटीच्या गळ्यात. दुपारपर्यंत ताईंचे पाय सुजून चपलेत मावेनात. शेवटचा नमुना सहा वर्षांच्या पोरीचा, हाडातल्या मगजाचा. रक्ताच्या कर्करोगावरची कडक औषधं सोसून पोरगी नुकतीच उभी राहिली होती. रोग गेला की राहिला, एवढंच बघायचं होतं. राहिला असेल तर पुन्हा औषधं, आधीपेक्षा कडक. बाहेर बाकावर तिची आत्या सकाळपासून बसून होती.

ताईंनी नळी लावली. एकोणीस आणि दहा, या दोन्ही नंबरांच्या खुणा असलेले ठिपके भराभर उगवले. पोरीच्या रोगाच्या पेशींवर याच खुणा होत्या. नवे डॉक्टर मागून वाकले. "आला परत," म्हणाले, आणि लिहायलाच बसले.

ताईंना वाटलं, लिहू दे. डॉक्टर ते, सही त्यांची. आपलं अंग आंबलंय, घरी जावं. पण डोळे काही ऐकेनात.

"डॉक्टर, थांबा जरा. हे ठिपके ओळीनं चाललेत बघा, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. घरात लेकरं असतात तशी. रोगाच्या पेशी अशा नसतात. सगळ्या एकाच वयाच्या, एका जागी घोळका करून बसतात."

"पण खुणा त्याच आहेत ना, ताई?"

"कोवळ्या निरोगी पेशींवरही त्याच असतात. औषधं थांबली की मगज पुन्हा उगवायला लागतो, तेव्हा हे पीक फार येतं. अठ्ठावन्न नंबर लावून बघू. रोगाच्या पेशीवर तो झगझगतो, कोवळीवर नुसता मिणमिणतो."

"नमुना उरलाय?"

"एका नळीपुरता. सांडला तर पोरीला पुन्हा सुई."

"मग सांडू नका."

"बरं झालं सांगितलंत. मी सांडणारच होते."

डॉक्टर ओशाळले. ताईंनी कोपर टेबलाला टेकवला आणि थेंब मोजून टाकले. रंग घालून नळी पंधरा मिनिटं अंधारात ठेवली. तेवढा वेळ दोघंही घड्याळाकडे बघत बसले. मग जादा रंग धुऊन काढून नळी यंत्राला लावली.

ठिपके आले. मिणमिणते, सगळे.

डॉक्टरांनी लिहिलेला कागद चुरगळला. "मी तर लिहून मोकळा झालो होतो," असं पुटपुटत ते स्वतः बाहेर गेले आणि आत्याला म्हणाले, "रोग दिसत नाही. नवं रक्त तयार होतंय."

आत्या आधी रडली, मग भडकली. "मग मघापासून दारातून बघतेय मी, सुतकी तोंडं करून का बसला होतात दोघं? माझा जीव गेला असता!"

ताई मागोमाग बाहेर आल्या होत्या. आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यापर्यंत आणायचं त्राण नव्हतं.

"जरा सरका हो," म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या.