न आलेलं डुक्कर

चंद्रपूरच्या दवाखान्यात तो कायम संडासाजवळच्या बाकावर बसायचा, दुपट्टा पोटाशी घट्ट आवळून. मूल तालुक्याकडचा धान पिकवणारा माणूस. आतड्याचा आजार त्यालाही, मलाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकदमच उरकलं, "जंतूबिंतू काही नाही. रक्तातल्या राखणदार पेशीच तुमचं आतडं जाळतायत."

बाहेर येऊन मी चिडलो, "शत्रूच नाही, तर राखण कसली?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "डुकरांसाठी धानाच्या बांधीले तार लावून करंट सोडला होता मी. सकाळी माहाच भाऊ चिकटला होता तारेले."

"आणि डुक्कर?"

"ते तं आलंच नाई, भाऊ."

राखणदारांना दाबणारी गोळी मी आता रोज गिळतो. गिळताना ते न आलेलं डुक्कर आठवतं.