काळं विमान आणि फणसाची दारं

जगातलं सगळ्यात देखणं यंत्र कोणतं, हा प्रश्न मी आठवीतच निकालात काढला. वास्कोला बंदरावर नोकरी करणाऱ्या मामाने जुन्या मासिकांचा गठ्ठा आणून दिला होता. त्यातल्या एका पानावर ते होतं: लांबलचक, चपटं, काळं कुळकुळीत. ब्लॅकबर्ड, अमेरिकेचं टेहळणी विमान. मैत्रिणींच्या कपाटाच्या दारावर नटांचे फोटो होते, माझ्या कपाटावर हे. शेजारीण म्हणाली, "गे बाय, मेल्ल्या माशाचो फोटो कित्याक लायलो?" मी तिला अर्धा तास समजावून सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

आजही कुणी विचारलं तर मी तयार असते. आवाजाच्या तिप्पट वेग. इतकी उंची की भरदिवसा वरचं आकाश काळं दिसावं. अंगावर एक बंदूक नाही, एक बॉम्ब नाही, नुसते कॅमेरे. खालून कुणी क्षेपणास्त्र सोडलंच तर वैमानिकाने काय करायचं? वेग वाढवायचा, बस्स. अपघातात काही पडली, पण शत्रूला एकही पाडता आलं नाही. भांडायचं नाही, फक्त नीट बघायचं आणि निघून जायचं. हा स्वभाव मला फार आवडतो, कारण तो माझ्यात औषधालाही नाही.

आता ती उडत नाहीत, तिकडच्या संग्रहालयांत उभी आहेत. मी प्रत्यक्ष एकही पाहिलेलं नाही. मोपाला विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडण्यात डोक्यावरून दिवसभर विमानं जातात आणि लोक अजून मान वर करतात. मी करत नाही. ती आपली माणसं न्यायची-आणायची गाडी.

आमचं सुतारकाम. बाबा पन्नास वर्षं सुतार आहेत, गावात त्यांना सगळे मेस्त म्हणतात. मी डिप्लोमा करून डिचोलीत नोकरी केली, कंटाळले, आणि परत येऊन कारखाना हातात घेतला. मशीन, फोन, गिऱ्हाईक माझ्याकडे. मागच्या पडवीतलं हातकाम बाबांकडे. मी पुढे, ते मागे. मध्ये भिंत.

जेवताना मी त्यांना विमानाच्या गोष्टी सांगायची. एकच गोष्ट त्यांनी उचलून धरली. ते विमान जमिनीवर उभं असताना गळायचं. टाकीतलं इंधन सांध्यांतून टपटप खाली पडायचं. बाबा खूश. "पन्नास वर्सां मी दारां करतां, एक दार गळूंक ना. आनी तुजें विमान गळता!" मग मी हिरिरीने सांगायची की ती फट मुद्दाम ठेवलेली असते. त्या वेगात अंग भाजून निघतं, धातू वाढतो, सांधे एकमेकांना भिडतात आणि गळती थांबते. जमिनीवर घट्ट बसवलं असतं तर वर जाऊन फुगलं असतं, वाकलं असतं. या एका मुद्द्यावर मी कॉलेजात मुलांशी भांडले आहे. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढे जे केलं त्याला माफी मागायला जागा उरणार नाही.

गेल्या वर्षी एप्रिलात इब्रामपूरच्या एका घराचं काम आलं. मालक पणजीच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बापजाद्यांच्या जागेत त्यांनी नवं घर बांधलं होतं. फणसाच्या लाकडाची आठ दारं. ती बाबांनी केली, बाबांनीच बसवली. मे महिन्यात मालकांनी आम्हाला बोलावलं. दार आणि चौकट यांच्यामध्ये काडेपेटीच्या दोन काड्या जातील एवढी फट होती.

"मेस्ता, फटीतल्यान पलीकडच्या खोलीतलो उजवाड दिसता," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "राग करू नाकात, पूण हात कापता तुमचो. वयाचो दोष."

बाबा एवढंच म्हणाले, "पावस येवंदी. मगीर उलयात."

हात कापायचा, हे खरं होतं. रोज सकाळी चहाची बशी हातात घेतली की ती वाजायची. वर्षभर मी ती ऐकत होते. मालक बोलले तेव्हा मला राग आला नाही, लाज वाटली. बाबांचीच लाज वाटली. पाऊस येऊ दे, मग बोलू, हे ते निमित्त सांगताहेत, असंच मी धरून चालले. इब्रामपूरपासून पेडण्यापर्यंत बातमी पोचायला वेळ लागत नाही. 'मेस्तांचो हात गेलो' असं एकदा पसरलं की पन्नास वर्षांचं नाव धुळीला मिळणार. मला ते वाचवायचं होतं.

म्हणून दोन दिवसांनी बाबांना न सांगता मी एकटीच गेले. मालकांना सगळ्यात जास्त खुपत होतं ते स्वयंपाकघराचं दार. ते उतरवलं, कडेला फणसाचीच पातळ पट्टी चिकटवली, रंधा मारला, वरून पॉलिश. फट बंद. मालक आनंदले. बाकीची सातही करून द्या म्हणाले. मी म्हटलं, हळूहळू करते. परत येताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की काय सांगू!

जुलैत त्यांचा फोन आला. स्वयंपाकघराचं दार अडकलं होतं. घरची माणसं दोन दिवस मागच्या अंगणातून फिरून आत जात होती. बाबा हत्यारांची पिशवी घेऊन माझ्याआधी स्कूटरपाशी उभे.

घरात शिरल्यावर बाबांनी एकेक दार लावून पाहिलं. पावसाने लाकूड फुगलं होतं. सातही दारं चौकटीत हलक्या हाताने बसली. उजेड नाही, फट नाही, आवाज नाही. मालकांनी स्वतः एक दार दोनदा उघडून लावून पाहिलं. आठवं दार मालकांनी आणि मी खांदा लावला तेव्हा कुठे उघडलं.

बाबांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मधेच थांबवलं. पट्टीचा सांधा त्यांना लागला होता. पॉलिशखाली डोळ्यांना तो दिसत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मालकांकडे वळून म्हणाले, "हें माझ्या हातान चुकलां. वयाचो दोष."

मला तिथेच रडू फुटलं. "ना, काका. तुमकां खबर आसा, पट्टी मी लायली. बाबांक सांगूंक ना."

मालक खुर्ची आणायला गेले. बाबा मला म्हणाले, "तुज्या विमानाची फट शाणेपणाची. आनी बापायची फट म्हाताऱ्याची?"

मी डोळे पुसून हत्यारांची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. 

बाबांनी खुर्ची नाकारली. उकिडवे बसले, पिशवीतून पटाशी काढली आणि धार पट्टीच्या सांध्यावर टेकवली. आतल्या दाराला ओरखडा गेला तर सगळंच फुकट. मी पुढे झाले, म्हटलं, "बाबा, मी करतां."

"तू राव थंय. पळय."

बघ म्हणाले, म्हणून मी तिथेच उभी राहून पाहत राहिले. पटाशी सांध्यात शिरली आणि संथपणे खाली सरकत गेली. पट्टी एका लांब सलग सालीसारखी सुटली. वरपासून खालपर्यंत हात एकदाही हलला नाही. पटाशी खाली ठेवली, हात मांडीवर टेकला, आणि तो पुन्हा कापायला लागला.

"रिकामो आसलो की कापता," बाबा म्हणाले. "कामार आसतना ना. वर्स जालें. तूं एकदाय मागल्या पडवेंत येवंक ना."